आजचा बिंदू कुठे पडला? जिओहॅशिंगची भाषा, रीत आणि पहिली मोहीम

जिओहॅशिंग म्हणजे रोज एका ठरलेल्या सूत्रातून नकाशावर एक बिंदू काढायचा आणि जमेल त्यानं त्या बिंदूवर जाऊन यायचं. तिथे कुणी डबा लपवलेला नसतो, बघण्यासारखं स्थळ असेलच असंही नाही. ती जागा कुणीच निवडलेली नसते, आणि या छंदाची सगळी गोडी त्यातच आहे. गडावर आपण जातो ते गडाच्या नावासाठी. इथे मात्र आकडे सांगतील त्या माळरानात, गावंदरीत, नाहीतर एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर जायचं. एरवी त्या ठिकाणी आपलं जाणं कधीच झालं नसतं.

जागा कुणी ठरवत नसल्यामुळे आणि जाणारे लोक एकमेकांना बहुधा ओळखत नसल्यामुळे हा छंद काही सामायिक शब्दांवर चालतो. 'पोहोचलो' कधी म्हणायचं, 'नाही पोहोचलो' कसं सांगायचं, परवानगी मागून गेलेल्याला काय म्हणायचं, हे सगळं त्या शब्दांत ठरलेलं आहे. म्हणून या लेखात शब्दांची वेगळी यादी नाही. मोहिमेत जिथे जो शब्द लागतो, तिथेच तो सांगितला आहे.

सुरुवात कुठून झाली

२१ मे २००८ रोजी रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या इंटरनेटवरच्या चित्रमालिकेत ४२६ व्या क्रमांकाचं चित्र आलं. तारीख आणि अमेरिकी शेअर बाजाराचा एक आकडा घेऊन त्यातून अक्षांश-रेखांश कसे काढायचे, एवढंच त्यात दाखवलं होतं. वाचकांनी ते मनावर घेतलं आणि खरोखर त्या जागी जायला लागले. पुढे त्यांनी एक विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट) उभारलं, नियम लिहिले, शब्द ठरवले.

नकाशाच्या आकड्यांवर चालणारे आणखी दोन छंद आहेत, त्यांच्याशी गल्लत करू नका. जिओकॅशिंगमध्ये कुणीतरी मुद्दाम लपवलेला डबा शोधायचा असतो. मे २००० मध्ये अमेरिकेनं नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात पहिला डबा ठेवला गेला. दुसरा छंद डिग्री कॉन्फ्लुअन्सचा, तो १९९६ पासून चालू आहे. त्यात पूर्ण अंशांचे अक्षवृत्त आणि रेखावृत्त जिथे छेदतात त्या ठिकाणी जाऊन फोटो काढतात. आपल्याकडे १६ अंश उत्तर आणि ७४ अंश पूर्व हा छेद आंबोलीच्या जवळच आहे. त्या जागा कायमच्या ठरलेल्या, जिओहॅशिंगची जागा मात्र रोज बदलते. 'जिओहॅश' याच नावाची, अक्षरांच्या लहानशा माळेत ठिकाण सांगणारी एक संगणकीय पद्धतही आहे. तिचा या छंदाशी संबंध नाही, त्यामुळे इंटरनेटवर शोधताना दोन्ही एकत्र समोर आले तर गोंधळू नका.

पहिली पायरी: तुमचा ग्रॅटिक्यूल ओळखा

एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाच्या चौकटीला जिओहॅशर ग्रॅटिक्यूल म्हणतात. तुमच्या घराच्या अक्षांश-रेखांशातले दशांशचिन्हाच्या डावीकडचे दोन आकडे हेच तुमच्या ग्रॅटिक्यूलचं नाव. पुणे १८.५२, ७३.८५ वर आहे, म्हणून पुण्याचा ग्रॅटिक्यूल '१८, ७३'. नागपूरचा '२१, ७९', कोल्हापूरचा '१६, ७४', पणजीचा '१५, ७३'. आपल्या भागात एक ग्रॅटिक्यूल उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०५ किलोमीटर भरतो.

या रेषा गावाची किंवा जिल्ह्याची हद्द बघत नाहीत. १९ वं अक्षवृत्त मुंबईत परळ-वरळीच्या आसपासून जातं. त्यामुळे दादरचा माणूस '१९, ७२' मध्ये राहतो आणि कुलाब्याचा '१८, ७२' मध्ये. ७३ वं रेखावृत्त वाशीजवळून जातं, म्हणजे खाडी ओलांडली की ग्रॅटिक्यूल बदलला. नाशिक शहर २० व्या अक्षवृत्तावर बसलेलं आहे आणि साताऱ्यातून ७४ वं रेखावृत्त जातं. अशा शहरांत राहणाऱ्यांची चांगलीच चंगळ आहे, कारण प्रत्येक ग्रॅटिक्यूलला रोज आपापला बिंदू मिळतो आणि त्यांना दोन्हींमधला सोयीचा निवडता येतो.

रोजचे बिंदू सगळ्या ग्रॅटिक्यूलमध्ये एकाच सापेक्ष जागी पडतात. पुण्याच्या चौकटीत बिंदू ईशान्य कोपऱ्यात असेल तर त्या दिवशी मुंबई, नाशिक, सोलापूर सगळीकडे तो ईशान्य कोपऱ्यातच असतो. म्हणजे हे बिंदू एकेका अंशाच्या अंतरावर, जाळीसारखे पसरलेले असतात. यातून एक छान गोष्ट निघते: महाराष्ट्रात तुम्ही कुठेही राहत असा, तुमच्यापासून सर्वांत जवळचा बिंदू सरळ रेषेत सुमारे ७७ किलोमीटरच्या आतच असतो. म्हणून फक्त स्वतःची चौकट बघून थांबू नका, शेजारच्या आठही बघा. मुंबईकरांना तर हे करावंच लागतं. '१९, ७२' या चौकटीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग अरबी समुद्रात आहे, त्यामुळे तिथला बिंदू बहुतेक दिवस पाण्यातच पडतो. जमिनीवरची मोहीम हवी असेल तर '१९, ७३' वर, म्हणजे कल्याण, शहापूर, इगतपुरीच्या बाजूवर लक्ष ठेवा.

ग्रॅटिक्यूलचे दहा बाय दहा असे शंभर तुकडे केले की प्रत्येक तुकडा सेंटिक्यूल. दशांशचिन्हानंतरचा पहिला आकडा बघितला की तो लगेच कळतो. स्वतःच्या चौकटीतले शंभरही सेंटिक्यूल गाठण्याचा पण करणारे लोक आहेत. वर्षानुवर्षांचं काम आहे ते, पण त्यातून आपला मुलूख पायाखालून जातो.

दुसरी पायरी: बिंदू काढा

सूत्राला दोन गोष्टी लागतात: मोहिमेची तारीख आणि अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकाचा बाजार उघडतानाचा आकडा. आधी वर्ष-महिना-दिवस, मग एक आडवी रेघ, मग निर्देशांक. मूळ चित्रातलं उदाहरण २००५-०५-२६-१०४५८.६८ असं आहे. ही ओळ एमडी-फाइव्ह नावाच्या गणिती प्रक्रियेतून काढली की अंक आणि अक्षरांची ३२ चिन्हांची माळ मिळते. तिचे सोळा-सोळाचे दोन भाग करायचे आणि प्रत्येक भाग सोळाच्या पायाचा अपूर्णांक समजून दशमानात आणायचा. या उदाहरणात ०.८५७७१३ आणि ०.५४४५४४ येतात. पहिला अपूर्णांक तुमच्या ग्रॅटिक्यूलच्या अक्षांशाला जोडा, दुसरा रेखांशाला. झाला हॅशपॉइंट.

हे हातानं करण्याची गरज नाही, हिशेब करून देणारी साधनं आहेत. पण स्वतः संगणकावर करून बघायची हौस असेल तर तारीख आणि निर्देशांक इंग्रजी अंकांतच टाका. देवनागरी अंक टाकले तर संगणकाच्या लेखी ती वेगळीच ओळ होते आणि बिंदू भलतीकडेच जातो.

शेअर बाजाराचा आकडा कशासाठी? बिंदू फार आधी कळू नये म्हणून. नुसती तारीख असती तर पुढच्या दहा वर्षांचे बिंदू आजच काढता आले असते आणि कुणीही आपल्या सोयीचा दिवस निवडून ठेवला असता.

आता आपल्या कामाचा नियम बघू. न्यूयॉर्कचा बाजार तिथल्या सकाळी साडेनऊला उघडतो, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. त्याच दिवसाचा आकडा वापरायचा म्हटलं तर आपला बिंदू रात्री कळेल, मग जायचं कधी? यावर थर्टी-डब्ल्यू नियम आला. पश्चिम रेखांश ३० च्या पूर्वेला असलेल्या सगळ्यांनी, म्हणजे युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियानं, आदल्या दिवशीचा निर्देशांक वापरायचा. २७ मे २००८ पासून हा नियम लागू आहे. आपल्यासाठी याचा अर्थ असा की उद्याचा बिंदू आज दिवेलागणीनंतर कळतो. सुट्टीच्या दिवशी शेवटचा उपलब्ध आकडाच चालतो. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी शनिवार, रविवार आणि सोमवार अशा तिन्ही दिवसांचे बिंदू एकदम हाती येतात. निर्देशांक तोच, पण तारीख वेगळी असल्यानं तिन्ही जागा वेगळ्या. मराठी घरातल्या सुट्टीच्या आखणीला हे फार सोयीचं आहे: शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की नकाशा उघडा.

एकच अपूर्णांक, पाच गावं

वरच्या उदाहरणातले अपूर्णांक आपल्या चौकटींत टाकून बघा. ती तारीख थर्टी-डब्ल्यू नियमाच्या आधीची, त्यामुळे तिचे आकडे सगळ्या जगाला सारखेच लागू होतात.

पुणे: १८.८५७७१३, ७३.५४४५४४. लोणावळ्याच्या ईशान्येला पंधरा-वीस किलोमीटरवर, मावळच्या डोंगरपट्ट्यात. मुंबई: १९.८५७७१३, ७२.५४४५४४. चिंचणी-तारापूरसमोर भर समुद्रात. पणजी: १५.८५७७१३, ७३.५४४५४४. हाही समुद्रात, आणि गोव्यापेक्षा वेंगुर्ल्याला जवळ. नागपूर: २१.८५७७१३, ७९.५४४५४४. थेट मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात. कोल्हापूर: १६.८५७७१३, ७४.५४४५४४. हा सांगली शहराच्या पश्चिम अंगाला, कृष्णाकाठापासून फार लांब नाही. म्हणजे त्या दिवशी सांगलीकराला रिक्षानं जाता आलं असतं आणि मुंबईकराला होडी शोधावी लागली असती.

असा जुन्या तारखेचा बिंदू आज जाऊन गाठला तर त्याला रेट्रोहॅश म्हणतात. सरावासाठी तो उत्तम, पण त्याची नोंद वेगळी होते. त्या दिवशी त्या जागी जाणं हाच खरा हॅश, असं समुदाय मानतो, आणि मला ते पटतं. सोयीची तारीख शोधून गेलं की जागा पुन्हा आपणच निवडली असं होतं.

याशिवाय ग्लोबलहॅश असतो. त्याच दोन अपूर्णांकांवरून सगळ्या पृथ्वीवर रोज एकच बिंदू काढायचा. तो बहुतेक वेळा महासागरात पडतो. जमिनीवर आणि आपल्या आवाक्यात पडला तर ती संधी सोडू नये.

तिसरी पायरी: जायचं की नाही, हे घरीच ठरवा

बिंदू मिळाल्यावर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि शेवटचा एक किलोमीटर नीट बघा. गाडीरस्ता कुठपर्यंत आहे, मधे ओढा आहे का, बिंदू कुणाच्या अंगणात तर पडला नाही ना? पुण्याच्या चौकटीत सैन्याची बरीच हद्द आहे: खडकवासला, देहूरोड. तिथे बिंदू पडला की विषय संपला. कुंपणाजवळ जाऊन फोनमध्ये आकडे बघत उभं राहणंही टाळा. राखीव जंगल, अभयारण्य किंवा व्याघ्रप्रकल्प असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. रेल्वे रूळ, महामार्गाचा दुभाजक, धरणाची भिंत यांचंही तसंच.

अशा वेळी समुदायात एक शब्द वापरतात: नो ट्रेसपासिंग. म्हणजे जवळपर्यंत गेलो, पुढे जायला मज्जाव होता, म्हणून परत आलो. ही अपयशाची कबुली मानत नाहीत, तिची बाकायदा नोंद होते आणि बाकीचे त्या माणसाचं कौतुकच करतात. विकीवर न पोहोचण्याची कारणं आधीच वर्गवारी करून ठेवलेली आहेत: निसर्गानं अडवलं, प्रवेश नव्हता, यंत्रानं दगा दिला. आणि कुणाच्या तरी लहरीतून आलेलं, तरीही सगळ्यांनी जपलेलं एक कारणसुद्धा आहे: वॉम्बॅट या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यानं हल्ला केला. परत फिरणाऱ्याला मान देणारा छंद मला फार शहाणा वाटतो. सह्याद्रीत दरवर्षी जे अपघात होतात त्यातले किती 'आता इथवर आलोच आहोत' या वाक्यानं सुरू झालेले असतात!

धरणांबद्दल एक स्वतंत्र गोष्ट. पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना ही सगळी '१८, ७३' मध्ये येतात, त्यामुळे बिंदू जलाशयात पडणं नवलाचं नाही. पण नकाशातलं निळं क्षेत्र भरलेल्या धरणाचं असतं. मे महिन्यात पाणी बरंच खाली गेलेलं असतं आणि तीच जागा कोरड्या काठावर येऊ शकते. मात्र भेगाळलेल्या वरच्या थराखाली चिखल ओला राहतो. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नका.

चौथी पायरी: फोन आणि पिशवी

फोनमध्ये अक्षांश-रेखांश दशांश अंशांत दिसतील असं ठरवून घ्या. अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश यांची गल्लत ही नवशिक्याची नेहमीची अडचण. १८.८५७७१३ म्हणजे १८ अंश ५१ मिनिटं २७.८ सेकंद. हे १८.५१२७ असं वाचलं तर माणूस चाळीस किलोमीटरच्या जवळपास दक्षिणेला जाऊन पोहोचतो. चौथ्या दशांश स्थळाला एक आकडा बदलला की सुमारे ११ मीटर सरकतात, पाचव्याला एक मीटरपेक्षा थोडं जास्त. त्यामुळे किमान पाच स्थळं तरी दिसली पाहिजेत. नकाशाचा आधार, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याची मूळ चौकट, जीपीएस वापरतं तीच, डब्ल्यूजीएस ८४ असावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट वेगळ्या आधारावर आहेत, त्यावर तेच आकडे लावले तर बिंदू शेजारच्याच्या शेतात जाण्याइतका सरकतो.

तो भाग ऑफलाइन उतरवून घ्या, घाटाखाली रेंज जातेच. पाणी, टोपी, पॉवर बँक, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट. परदेशातून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना आधीच सांगून ठेवा: उपग्रहावरून संदेश पाठवणारी जी यंत्रं तिकडे ट्रेकर सर्रास वापरतात, ती परवान्याशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे आणि विमानतळावर अडकायला होतं. साधं जीपीएस आणि फोन पुरेसा आहे.

पाचवी पायरी: शेवटचे दोनशे मीटर

महाराष्ट्रात बिंदू बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतात पडतो. त्यामुळे माणसांशी बोलणं हे इथलं खरं कौशल्य आहे, यंत्र त्यानंतर.

गावात शहरी कपड्यांतली दोन माणसं फोनकडे बघत बांधाबांधानं चालायला लागली की बघणाऱ्याच्या मनात पहिली शंका भूसंपादनाची येते. महामार्ग, रिंगरोड, कालवा, मोठ्या विजेच्या तारा, असं काहीतरी इथून जाणार आणि हे मोजायला आलेत. शंका रास्त आहे. म्हणून शेतात पाऊल टाकण्याआधी समोर दिसेल त्याला हाक मारा.

"राम राम काका."

"राम राम. मोजणीला आलाय का?"

"नाही हो काका, सरकारचं काही नाही. आम्ही पुण्याहून आलोय. नकाशावर रोज एक जागा निघते, आज ती तुमच्या रानात आलीय, त्या आंब्याच्या थोडं अलीकडं. तिथं उभं राहून एक फोटो काढायचा आणि माघारी जायचं. येऊ का?"

"मग त्यात मिळतं काय?"

"काही नाही. एवढं बघायचं आणि जायचं."

इथे फोन त्यांच्या हातात द्या. स्वतःचं रान, विहीर, गोठा वरून कसा दिसतो हे बघण्यात माणूस रमतो, आणि पुढचं बोलणं बहुधा तेच हाती घेतात: ही वाट नको, तिकडून या, इथं नुकतंच पाणी सोडलंय. बायामाणसं एकट्या कामावर असतील तर लांबूनच "मावशी" म्हणून विचारा आणि घरचं कुणी येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. विदर्भात 'काका'पेक्षा 'भाऊ' जास्त जवळचं वाटतं. नाही म्हणाले तर हात जोडून परत या, वाद घालू नका.

अशी ओळख करून, छंद समजावून, मालकाच्या संमतीनं बिंदू गाठला तर त्याला समुदायात अँबॅसडर म्हणतात. आपल्या मातीत हा मान सगळ्यांत मोलाचा आहे असं मी मानतो. सायकलनं किती किलोमीटर मारले यापेक्षा अनोळखी माणसानं आपल्यासाठी ताटी उघडली, हे मोठं.

धोक्याच्या गोष्टी मात्र कुणी सांगेपर्यंत थांबू नका, स्वतः लक्षात ठेवा. कठडा नसलेल्या जुन्या विहिरी गवतात दिसत नाहीत. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचे प्रकार होतात आणि त्यात माणसं गेलेली आहेत, तेव्हा कोणत्याही तारेला हात लावायचा नाही. उभ्या उसात शिरायचं नाही: पिकाचं नुकसान होतं आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात उसात बिबट्या असतो. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्यावर या.

बिंदूवर

जवळ आल्यावर फोनचा आकडा स्थिर राहत नाही. दोन पावलं पुढे जावं तर अक्षांश जुळतो आणि रेखांश सुटतो, मागे यावं तर उलटं. हातात फोन धरून पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे होणाऱ्या या हालचालीला हॅश डान्स म्हणतात. युक्ती अशी की आधी एक आकडा जुळवा, मग त्याच रेषेवर हळू चालत दुसरा जुळवा, आणि एका जागी मिनिटभर थांबा. मोकळ्या माळावर चांगला फोन तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक सांगतो. दरीत, दाट झाडीत किंवा कातळाच्या भिंतीजवळ तो भरकटतो.

पोहोचलो कधी म्हणायचं? यंत्र जेवढी चूक दाखवतं, त्या मर्यादेच्या आत तुम्ही बिंदूपासून असलात की. फोन पाच मीटर म्हणत असेल आणि तुम्ही चार मीटरवर असाल तर झालं. तीस मीटरवर कुंपण आडवं आलं असेल तर नाही झालं, मग कुंपणापलीकडची ती जागा कितीही स्पष्ट दिसत असो. तपासायला कुणीही येणार नाही, म्हणूनच इथे काटेकोर राहायचं.

पुराव्याला आकडे दिसणारा पडद्याचा फोटो, आजूबाजूच्या जागेचा फोटो, आणि एक फोटो स्वतःचा, तोंडभर हसताना. या हसऱ्या फोटोला स्टुपिड ग्रिन म्हणतात आणि तो चुकवू नये अशी रीत आहे. खूण म्हणून दगडावर रंग, झाडावर नाव असलं काही नको. गडांच्या बुरुजांवर आपण ते पुरेसं बघितलं आहे.

मानाचे शब्द

समुदायानं वेगवेगळ्या तऱ्हेच्या मोहिमांना नावं दिली आहेत. सगळी सांगत नाही, आपल्याकडे लागू पडणारी थोडी सांगतो.

ज्या ग्रॅटिक्यूलमध्ये आजवर कुणीच बिंदू गाठलेला नाही, तो व्हर्जिन ग्रॅटिक्यूल. विकीवर आपल्या भागाच्या नोंदी तपासा, तो मान तुमच्या वाट्याला येऊ शकतो. या छंदाशी संबंध नसलेल्या माणसाला सोबत ओढून नेलं तर ड्रॅग-अलाँग. वाहन न वापरता घरापासून चालत गेलात तर वॉक, सायकलनं गेलात तर बायसिकल, एसटी किंवा लोकलनं जाऊन उरलेलं चाललात तर पब्लिक ट्रान्सपोर्ट. एसटी अजून इतक्या आडगावांत जाते की हा शेवटचा प्रकार महाराष्ट्राला जणू शोभूनच दिसतो. फक्त परतीची गाडी कंडक्टरला आधी विचारून ठेवा. बिंदू तुमच्या घरातच पडला तर काउच पोटॅटो, पण त्यासाठी नशीब लागतं. आणि पावसात चिंब भिजून पोहोचलात तर ड्राउन्ड रॅट. जुलैमध्ये मुळशीकडे गेलात तर तो न मागता मिळेल.

माइनस्वीपर म्हणजे आपला ग्रॅटिक्यूल आणि त्याच्या भोवतीचे आठही पूर्ण करणं. पुणेकरांनी हे मनावर घेण्याआधी '१७, ७२' बघून ठेवावा. कोकणचा किनारा तिथवर येतच नाही, ती चौकट जवळजवळ सगळी समुद्रात आहे. त्यासाठी दापोलीच्या बाजूच्या एखाद्या बंदरातून अनुभवी नाखव्याची बोट, तीही पावसाळा सोडून, आणि बिंदू किनाऱ्यालगत पडण्याची वाट बघणं, एवढं सगळं जुळावं लागेल.

नोंद आणि माणसं

प्रत्येक मोहिमेचं विकीवर एक पान होतं आणि त्याचं नाव म्हणजे तारीख व ग्रॅटिक्यूल, बाकी काही नाही. जायच्या आधीच पान तयार करून 'मी जाणार आहे' असं लिहिलं तर दुसऱ्या कुणाला येता येतं. शनिवारी दुपारी चार ही भेटीची वेळ सुरुवातीपासून ठरलेली आहे. तुमच्या चौकटीत दुसरं कुणी नसलं तरी शनिवारी चारला जायची सवय ठेवा, नवीन माणूस आला तर तो त्याच वेळी येणार.

नोंद मोठी नको, खरी हवी. कुठून निघालात, रस्ता कुठे संपला, किती मीटरवर थांबलात, पीक कोणतं होतं, कोण काय म्हणालं. शेतमालकाचं नाव, फोन, घराचा फोटो टाकू नका. तुम्हाला पाणी दिलं म्हणून त्यांचं रान जगजाहीर व्हावं असं त्यांनी म्हटलेलं नसतं. मराठीत लिहायला संकोच नको. जर्मनीत हा छंद जोरात आहे आणि तिथले लोक आपल्या भाषेत लिहितातच.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर सुरुवात सोपी आहे. तिथल्या कायद्यानं फिरण्यासाठी जंगलात पायी जाण्याची मुभा आहे, मग ते जंगल खासगी का असेना. स्वीडन-नॉर्वेत मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क त्याहून रुंद आहे. अमेरिकेत उलट, तिथे खासगी जमिनीची पाटी गंभीरपणे घ्यायची आणि आधी दार वाजवून विचारायचं.

इकडे महाराष्ट्रात पहिली मोहीम करायची तर पाऊस उघडल्यावर, खरिपाची काढणी झालेली असताना, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला शनिवार धरा. रान मोकळं असतं, ऊन सोसवतं आणि शेतकऱ्याला दोन शब्द बोलायला थोडी फुरसत असते. सोबत एकाला घ्या, म्हणजे तुमचा पहिलाच बिंदू ड्रॅग-अलाँगसकट नोंदला जाईल.